कॉम्प्युटरला गुंडाळलेलं ओलं पोतं

"चट्ट" असा आवाज झाला, जळक्या वायरीचा वास सुटला आणि कॉम्प्युटर मेला. मी बादली हातात घेऊन मागं उभी होते.

नात खुर्चीत वळली. हेडफोन डोक्यावर तसेच, तोंड उघडं. तिनं आधी बादलीकडं पाहिलं, मग टेबलाखालच्या डब्याकडं. त्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. त्याला मी गोणपाटाचं ओलं पोतं गुंडाळलं होतं, रांजणाला गुंडाळतात तसं, वरून सुतळीचे दोन फेरे देऊन. मे महिन्यात पोतं लवकर सुकतं, म्हणून नुकतंच पुन्हा पाणी मारलं होतं. ते आता फरशीवर टपकत होतं.

"आज्जी, तू त्याच्यावर पाणी टाकलंस?"

"त्याच्यावर न्हाई टाकलं. पोत्यावर टाकलं."

"आणि पोतं कशावर हाय?"

चूक माझी होती, हे मी लगेच कबूल केलं, पण मनात. तोंडानं म्हणाले, "गरम होऊन राहिलंय, गरम होऊन राहिलंय म्हणून तूच बोंबलत होतीस. पोत्यानं रांजण गार होतो. मला काय ठाऊक हे रांजणाच्या जातीचं न्हाई म्हणून?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या टीमची कप्तान, नायगावची पोरगी. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण आवाज ओळखते. त्या आवाजानं बैल वळतील.

"कुठं गेलीस गं? मधेच गायब. आपण हरलो ना."

"आज्जीनं कॉम्प्युटरला आंघोळ घातली."

मग कप्तान म्हणाली, "ऐक. गेल्या दोन मॅचमधे तुझं मशीन अडकलं, आज बंदच पडलं. रविवारी तीन वाजता निवडीची मॅच हाय. तोवर मशीन नीट झालं तर तू खेळशील, न्हाई झालं तर बदलीची पोरगी बसंल. मग ती जागा तिचीच. वाईट वाटून घेऊ नको."

"न्हाई घेत," नात म्हणाली आणि फोन ठेवला. घेतलं होतं, हे मला दिसत होतं.

तो मंगळवार होता.

नात माझ्याकडं लातूरला दोन वर्षं राहिली ती क्लाससाठी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे तिच्या बापाला ती डॉक्टर व्हायला हवी होती. दोन वर्षं पोरगी सकाळी सहाला जायची आणि अंधार पडता पडता यायची. परीक्षा झाली. पेपर कसा गेला हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निकाल लागायचा होता, पण तिला तो आधीच कळला होता. आठ दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. नवव्या दिवशी उठली आणि त्या गेमला बसली.

मी चौथीपर्यंत शिकले. तो खेळ मला पहिल्याच दिवशी कळला, कारण त्यात कळण्यासारखं फार नाही. पाच पोरी या बाजूला, पाच त्या बाजूला. एकमेकींना गोळ्या घालायच्या. मेलं की त्या डावापुरतं बसून बघायचं, पुढच्या डावात परत जिवंत. माझ्या नातीचं काम मागचं दार राखायचं. क्लासमधे ती तिसऱ्या ओळीतला एक रोल नंबर होती. इथं बाकीच्या चौघी तिला विचारून पुढं जायच्या. भिंतीकडं तोंड करून रडण्यापेक्षा गोळ्या झाडलेल्या बऱ्या, असं माझं मत पडलं आणि मी तिला दुपारचा चहा टेबलावर नेऊन द्यायला लागले.

फक्त ते मशीन साथ देईना. समोरची पोरगी दारात दिसायची आणि एकदम नातीच्या अंगावर. मधली पावलं गायब. "हे काय, उडून आली का?" मी विचारायची. "न्हाई आज्जी, ती चालतच आली. आपल्याला दाखवायला ह्याला जमलं न्हाई. गरम झालं की हे चित्रं गाळतं." म्हणून मी पोतं आणलं. त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ करायचे, मग टीव्ही, मग मोबाइल, आता कॉम्प्युटर. वय माझ्याएवढं. ते मला आपा म्हणतात, मी भाई म्हणते, बाकी सगळी गल्ली चाचा म्हणते, इथं मीही चाचाच म्हणते. बुधवारी सकाळी ते आले, डब्याभोवतीची सुतळी पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ये क्या किये आपा?"

"गार करून राहिले होते."

"दुल्हन को भी इतना नहीं नहलाते."

त्यांनी डब्याची बाजूची पाटी काढली आणि आत नाक घातलं. विजेचा भाग जळाला होता, ज्याला ते एसएमपीएस म्हणतात. पाणी वरून तिथंच उतरलं. बाकीचं फक्त ओलं होतं. "नशीब म्हणा. दोन दिवस सावलीत, पंख्याखाली ठेवा. तोवर बटणाला हात लावायचा नाही."

"तांदळात पुरून ठेवू का? मोबाइल भिजला की पोरी तांदळात ठेवतात."

"बिर्यानी करनी है क्या?"

मग त्यांनी बोटानं आतली एक जाळी खरवडली आणि बोट माझ्यासमोर धरलं. पांढरट, चिकट काहीतरी होतं. मी वास घेतला. ज्वारीचं पीठ, आणि त्यावर फोडणीचं तेल.

सांगायला हवं की मी खानावळ चालवते. पीठ चाळते त्याच खोलीत, फोडणी टाकते त्याच खोलीच्या दाराशी, आणि कॉम्प्युटरही तिथंच होता. मशीनचा पंखा दोन वर्षं माझं पीठ ओढून घेत होता. चाचा म्हणाले, "पोत्यानं फक्त विजेचा डबा गेला आपा. बाकी हे आधीपासूनच मरायला टेकलं होतं. पोटात भाकरी अडकून." हे ऐकून नात पहिल्यांदा नीट हसली. मलाही बरं वाटलं, कारण दोन वर्षांच्या पिठापुढं एका पोत्याचा गुन्हा लहान दिसतो.

शुक्रवारी सकाळी सगळं सुकलं. चाचांनी नवा विजेचा डबा आणला आणि आम्ही तिघं अंगणात बसलो. पंख्याच्या पात्यांमधे आगकाडी अडकवून ती धरायचं काम माझं. वारा मारताना पातं गरगर फिरू द्यायचं नाही, फिरलं तर बिघडतं. चाचांनी आधी ब्रशानं खरवडलं, मग ब्लोअर मारला. पिठाचा असा लोट उठला की अंगणातल्या चिमण्या खाली उतरल्या.

पंख्याखाली जाळीचा ठोकळा असतो, तो मशीनच्या मुख्य भागाची गरमी ओढतो. ठोकळा आणि तो भाग यांच्या मधे गरमी पलीकडं न्यायला पेस्ट लावतात. आमची वाळून खपली झाली होती. चाचांनी ती पुसली आणि नवी नळी काढली. मी म्हटलं, "भरपूर लावा. कंजूषपणा नको."

"नक्को आपा. पानाला चुना जास्त झाला तर तोंड जळतं ना? तसंच हे. तुरीच्या दाण्याएवढी बस."

तुरीच्या दाण्याएवढी म्हणजे केवढी, हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग त्यांनी रॅमच्या दोन पट्ट्या उपसल्या. त्या शेजारी शेजारी खोचलेल्या होत्या. त्यांनी एक घर सोडून खोचल्या. म्हणाले, अशा बसवल्या की दोघी मिळून काम करतात, शेजारी बसवल्या की एकीच्या पाठी एक रांग लागते. माझ्या खानावळीत शेजारी बसवलेल्या दोघीही अशाच कामाला येत नाहीत, फक्त बोलतात. ते मला पटलं.

हा कॉम्प्युटर माझ्या मुलानं नांदेडला जोडून घेतलेला. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. लेकीला ऑनलाइन क्लास करता यावा म्हणून त्यानं तो दिला, आणि पट्ट्या शेजारी शेजारी त्यानंच खोचल्या होत्या. हे मी मनात जपून ठेवलं. केव्हातरी उपयोगी पडेल.

पुढचं काम नातीचं. मशीन चालू झालं आणि तिनं एक यादी उघडली. कॉम्प्युटर उठला की कोण कोण न बोलावता उठून बसतं त्याची ती यादी. मी चष्मा लावून बघितली.

"हे कोण?"

"गाण्यांचं."

"काढ. हे?"

"प्रिंटरचं."

"आपल्याकडं प्रिंटर हाय?"

"न्हाई."

"मग ते कशाला आलंय जेवायला? काढ. आणि हे सगळ्यात वर, हे लई खाऊन राहिलंय?"

"हे क्लासचं ॲप हाय, आज्जी. लेक्चर दाखवायचं. बंद केलं तरी मागं चालूच ऱ्हातं."

दोन वर्षं त्या क्लासनं माझ्या नातीची झोप खाल्ली, आणि आता मशीनही खात होता. मी म्हटलं, "त्याला आधी पानावरून उठव." तिनं खूण काढून टाकली. एवढ्या हळूच काढली की जणू क्लासचे सर मागं उभे आहेत.

मग तिला अजून एक गंमत सापडली. स्क्रीन एका सेकंदात जेवढी चित्रं दाखवू शकत होती, त्याच्या निम्मीसुद्धा दाखवत नव्हती, कारण ती सेटिंग कुणी कधी बदललीच नव्हती. दोन वर्षं. तिनं ती बदलली आणि माउस फिरवून दाखवला. बाण लोण्यावरून गेल्यासारखा गेला.

दुपारी तीनला खेळून पाहिलं. रविवारची मॅच तीनलाच होती, म्हणून मुद्दाम तीनला. पंधरा मिनिटं झकास. मग समोरची पोरगी पुन्हा दारातून एकदम अंगावर.

चाचांनी खोलीच्या भिंतीला हात लावला आणि झटकन काढला. भिंत पत्र्याची होती. छप्परही पत्र्याचं. बाहेर लातूरचा मे.

"आपा, यहाँ तो मैं भी हँग हो रा हूँ," ते म्हणाले. "मशीनमधे आता काही खोट नाही. गरम झालं की ते स्वतःहून हळू चालतं, जीव वाचवायला. हे स्लॅबच्या खोलीत न्या."

नातीनं गेम बंद केला.

आमच्या घरात स्लॅबच्या चार खोल्या आहेत आणि अंगणात ही एक पत्र्याची. स्लॅबखाली क्लासच्या पोरी राहतात. मी पत्र्यात राहते. भूकंपानंतर गाव सोडून लातूरला आलो तेव्हा पत्र्यात राहिलो, तेव्हा सगळेच पत्र्यात राहत होते. मग लोक एकेक करून घरात गेले. मी गेले नाही. मुलानं खोल्या बांधल्या, वास्तुशांत केली, मी प्रसाद अंगणात खाल्ला. डोक्यावर पत्रा पडला तर टेंगूळ येतं. स्लॅब पडला तर टेंगूळ यायला डोकं राहत नाही. मग परक्या पोरींना का झोपवतेस स्लॅबखाली, असं बायका विचारतात. त्यांच्या आईबापांना स्लॅबच पाहिजे असतो. मी काय करू?

माझ्या उशाशी एक स्टूल असतं. त्याच्यावर उपडा तांब्या, तांब्यावर पितळी पेला, पेल्यावर वाटी, वाटीत चमचा. जमीन हलली की ही चळत पडते आणि झोपलेलं माणूस उठतं. त्या वर्षी घरोघर अशा चळती होत्या. आता माझीच उरली. मांजरानं दोनदा पाडली, आणि दोन्ही वेळा मी मांजराच्या आधी बाहेर होते.

नात राहायला आली तेव्हा मी तिला एकच अट घातली होती. झोपायचं आणि बसायचं पत्र्यात. बिचारीनं दोन उन्हाळे काढले.

चाचा गेल्यावर ती म्हणाली, "आज्जी, गावात पडलं ते दगडामातीचं माळवद होतं. स्लॅब न्हाई."

"पडलं ते पडलं. मी काय त्याचं नाव विचारत बसले होते?"

"बरं," ती म्हणाली. वाद घातला नाही. हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळून तिनं ते खोक्यात ठेवले. "मी कप्तानला सांगते, बदलीची बसव म्हणून."

"आज सांगू नको."

"का?"

"उद्या सांग. मी सांगते तेव्हा सांग."

संध्याकाळी नांदेडहून मुलाचा फोन आला. "आई, सोमवारी येतो. कॉम्प्युटर घेऊन जाणार. तिला परत क्लास लावायचा, गेम बंद."

"हाव, ने."

"तिला समजावून सांग."

"हाव."

"आई, तू एवढ्या लवकर हाव म्हणत न्हाईस कधी. काय चाललंय तिकडं?"

"वय झालं रे. आणि ते रॅम का काय, ते तू शेजारी शेजारी खोचलंस. एक घर सोडून खोचायचं असतं."

त्याला काही सुचायच्या आत मी खूश होऊन फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी मी नातीला म्हणाले, "मधल्या खोलीत ने तुझं मशीन. मी पण येऊन बसणार. माझी चळत पण येणार."

तिनं पळत जाऊन टेबलाचं एक टोक उचललं, माझं मन बदलायच्या आत.

आता प्रश्न इंटरनेटचा. चाचांनी भिंतीवरच्या वायफायच्या डबीपासून टेबलापर्यंत लॅनची वायर ओढून दिली, म्हणजे हवेतून यायचं ते वायरीतून येणार. पण म्हणाले, "टाकी तर एकच आहे आपा. बारा पोरींनी बारा तोट्या उघडल्या तर इथं थेंब येणार नाही." नुकतीच दहावी झालेल्या बारा पोरी माझ्याकडं होत्या. रविवारी दुपारी बाराही जणी मोबाइलवर असतात. अभ्यास, म्हणतात. असेल.

मोबाइल बंद ठेवा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, वर आईबापांना कळवलं असतं. म्हणून मी काही म्हटलंच नाही. रविवारी अडीच वाजता अंगणात कडुनिंबाखाली मोठं घमेलं मांडलं, त्यात पाणी, आणि पाण्यात चोखायचे गावरान आंबे. एवढे आंबे त्या पोरींनी एका जागी पाहिले नव्हते. कापायचे नाहीत, चोखायचेच, असं सांगितलं. पाच मिनिटांत बारा पोरींचे चोवीस हात कोपरापर्यंत रसात होते. असल्या हातानं कुणी मोबाइल धरत नाही. एकजण, उदगीरची, फार हुशार, हात धुवायला उठायला लागली. मी तिच्या हातात अजून दोन आंबे दिले.

"आज्जी, आज कसली खुशी?"

"तुमचा निकाल चांगला लागू दे म्हणून."

"पण तो लागायचाय अजून."

"म्हणूनच."

मधल्या खोलीत सगळं तयार होतं. डब्याची बाजूची पाटी काढलेली, डबा टेबलावर, आणि त्याच्या उघड्या पोटासमोर माझा जुना टेबलफॅन, तीनवर. स्टुलाला जागा नव्हती, म्हणून माझी चळत मी टेबलाच्याच कोपऱ्यावर रचली. चाचा खिडकीशी खुर्चीवर बसले. नात जागेवर. मी उंबऱ्यावर. एक पाय आत, एक बाहेर.

मॅच सुरू झाली. दोन मिनिटांत हेडफोनमधून कप्तानचा आवाज एवढा आला की मलाही ऐकू आला. "तुझ्या मागं जत्रा हाय का गं? काय गोंधळ हाय?"

अंगणातल्या पोरी कोयीवरून भांडत होत्या. नातीनं माझ्याकडं पाहिलं. चाचांनीही. दार लावायला हवं होतं आणि दारात मी बसले होते.

"आपा, अंदर या बाहर," चाचा म्हणाले. "बीच में नक्को."

मी आत आले आणि दार लावलं. वर पाहिलं. स्लॅब होता, त्याला एक बंद पंखा होता आणि पंख्याला कोळ्याचं जाळं. पोरी झाडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. आत थंड होतं. एवढं थंड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मशीन पाण्यासारखं चाललं. समोरच्या पोरी आता उडत नव्हत्या, चालत यायच्या, प्रत्येक पाऊल दिसायचं, आणि माझी नात त्यांना पावलापावलावर टिपायची. पण समोरच्याही काही कमी नव्हत्या. तासाभरानं दोन्हीकडं सारखे डाव झाले आणि शेवटचा एक उरला. त्यात पहिल्या मिनिटाला आपल्या तिघी मेल्या. मग कप्तान मेली, शिवी देऊन. राहिली एकटी नात, मागच्या दाराला. समोर दोघी.

आणि माझी चळत पडली.

पितळ फरशीवर पडलं की काय आवाज होतो, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. चाचा खुर्चीवरून उठले कधी आणि बाहेर गेले कधी, मला दिसलंच नाही. फक्त दार उघडं दिसलं. अंगणात "भूकंप, भूकंप" म्हणून बारा गळे सुटले. मी उभी राहिले. माझे गुडघे आठवडाभर उठायला कुरकुर करतात, तेव्हा एका शब्दानं बोलले नाहीत. नातीच्या कानावर हेडफोन होते. तिला पितळ ऐकू आलंच नव्हतं. मी तिचा दंड धरून ओढला.

"उठ! बाहेर हो!"

तिनं दंड झटकला. "आज्जी, थांब, दोघीच उरल्यात!"

मी पुन्हा ओढणारच होते. वर बघितलं, कुठं चीर पडलीय का. पंख्याचं जाळं तसंच लोंबत होतं, जागच्या जागी. उघड्या दारातून घमेलं दिसत होतं. पाणी स्थिर. आंबा हलत नव्हता. मग मला टेबल दिसलं. चमचा टेबलावरच राहिला होता आणि थरथरत, नाचत नाचत कडेकडं चालला होता. मी टेबलावर हात ठेवला. सगळं टेबल गुरगुरत होतं. माझा टेबलफॅन तीनवर फिरला की असाच थरथरतो, वीस वर्षं थरथरतोय. एक तास त्यानं चळत सरकवत नेली आणि पाडली.

पंखा बंद केला असता तर मशीन गरम झालं असतं. मी दोन्ही हातांनी टेबल दाबून धरलं.

बाहेरून चाचा ओरडले, "आपा, जल्दी निकलो!"

आणि पोरी, "आज्जी, आमचे मोबाइल आत हायत! घरी फोन करायचाय!"

बारा पोरी हात धुऊन आत आल्या असत्या, बाराही जणींनी एका वेळी घरी व्हिडिओ फोन लावला असता, आणि टाकी कोरडी झाली असती. आतून मी जेवढा जमेल तेवढा मोठा आवाज काढला.

"कुणी आत यायचं न्हाई! अजून हलतंय!"

"मग तुम्ही?"

"माझं काय, मी म्हातारी हाय! तुम्ही झाडाखालून पण लांब व्हा!"

आणि मी टेबल धरून उभी राहिले, स्लॅबखाली. स्क्रीनवर समोरची पहिली पोरगी दारातून आली. दार, पायरी, दुसरी पायरी, सगळं दिसलं. नातीनं तिला पायरीवरच झोपवली. दुसरी आली नाही. वाट बघत बसली. नातही वाट बघत बसली. मी टेबल धरूनच तिच्या खांद्यावरून बघत होते. मग भिंतीच्या कोपऱ्यातून कोपरभर बाही दिसली. तेवढी पुरली.

हेडफोनमधून चार पोरींचा कालवा आला. नातीनं हेडफोन गळ्यात ओढले तेव्हा कप्तान म्हणत होती, "बदलीवालीला सांगते, घरी बस म्हणून." नात माझ्याकडं वळली, खाली पाहिलं.

"काय पडलं गं?"

"वाटी," मी म्हणाले आणि बाहेर जाऊन जाहीर केलं की आता हलायचं थांबलंय.

खरं काय ते संध्याकाळी उदगीरच्या पोरीनं शोधून काढलं. मोबाइलवर कुठंच बातमी नव्हती. चाचा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, पहिले पळाले हे गल्लीभर झालं म्हणून. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं नव्हतं, असं म्हणू.

सोमवारी नांदेडच्या एसटीनं मुलगा आला. कॉम्प्युटर भरून न्यायला मोठं खोकं आणलं होतं. मी पत्र्याच्या खोलीत सापडले नाही, तेव्हा शोधत शोधत मधल्या खोलीशी आला. नात पुढच्या मॅचची तयारी करत होती. मी तिच्याजवळ फरशीवर शेंगा फोडत बसले होते, टेबलाच्या पायाला पाठ टेकून, म्हणजे टेबल हलत नाही. तो दारात थांबला. आधी वर स्लॅबकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, तू इथं?"

"इथं गार हाय."

मग त्यानं खोकं दाराबाहेर ठेवलं, आत आला, माझ्याशेजारी बसला आणि शेंगा फोडायला लागला. खोकं रिकामंच नांदेडला परत गेलं.

भूकंप झाला त्या पहाटे आमच्या माळवदाखाली सहाजण झोपलो होतो. वाचलो दोघं. मी आणि हा.